फॉस्फरसने धरून ठेवलेला ऑक्सिजन

शहागडवरून जाणाऱ्या सोलापूर-धुळे महामार्गावर मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तिथे उन्हात उभी केलेली ई-स्कूटर पेटेल अशी धास्ती कुणाला वाटली तर नवल नाही. 26 मार्च 2022 ला पुण्यात रस्त्याकडेला पेटलेल्या स्कूटरची चित्रफीत सगळीकडे फिरली होती. यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे ‘एलएफपी’, बॅटरीतला लिथियम आयर्न फॉस्फेटचा कॅथोड (धन ध्रुव). तो आगीच्या भीतीतूनच जन्मला असावा, असं त्यामुळे वाटतं. कुळकथा तसं सांगत नाही. शोध चालला होता स्वस्त धातूचा आणि व्होल्टेजचा. उष्णतेतली स्थिरता आपसूक पदरात पडली.

1980 मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ आणि सहकाऱ्यांनी कोबाल्ट ऑक्साइडचा कॅथोड दिला, 1991 मध्ये सोनीने तो बाजारात आणला. पण कोबाल्ट महाग. लोखंड स्वस्त, तरी त्याच्या साध्या ऑक्साइडमधून व्होल्टेज कमीच मिळे. ऐंशीच्या दशकात अरुमुगम मंथिराम आणि गुडइनफ यांना दिसलं, की लोखंडाच्या मॉलिब्डेटने 3.0 व्होल्ट मिळतात, तर सल्फेटने 3.6. गंधक ऑक्सिजनला इतकं घट्ट बांधतो की ऑक्सिजनची लोखंडावरची पकड सैल होते आणि व्होल्टेज चढतं. हाच धागा धरून 1997 मध्ये टेक्सासात अक्षय पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ फॉस्फेटपाशी पोचले: 3.4 व्होल्ट. त्यांच्या निबंधाच्या गोषवाऱ्यात शिफारस आहे ती कमी शक्तीच्या सेलसाठी, स्वस्त आणि बिनविषारी म्हणून. आगीचा उल्लेख तिथे नाही. (वीजवहन इतकं मंद, की पुढे कणांवर कार्बनचा थर चढवावा लागला.) पण फॉस्फेटमध्ये गंधकाचं काम फॉस्फरस करतो, आणि व्होल्टेज वाढवणारा हा बंधच ऑक्सिजनलाही सोडत नाही. चार्ज झालेला कोबाल्टचा कॅथोड 200 अंशांच्या आसपास ऑक्सिजन सोडू लागतो, म्हणजे आगीला हवा आतूनच मिळते. फॉस्फेटमध्ये ते जवळपास घडत नाही.

कुणी म्हणेल, उन्हाचे 43 अंश कुठे आणि 200 कुठे? बरोबर आहे, नुसत्या उन्हाने कॅथोड विघटित होत नाही. आतल्या शॉर्ट सर्किटने किंवा सदोष चार्जिंगने आधी अॅनोडवरचा संरक्षक थर तुटतो, मग विभाजक पडदा वितळतो, कॅथोडची पाळी त्यानंतर येते. भडका किती मोठा, हे मात्र कॅथोड बऱ्याच अंशी ठरवतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एलएफपीही जळते. जळते, कारण इलेक्ट्रोलाइट ज्वलनशीलच आहे आणि तापलेल्या सेलमधून सुटणाऱ्या वायूत हायड्रोजनही असतो. म्हणून पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या, ई-स्कूटरच्या बॅटरीसाठीच्या एआयएस-156 मानकाच्या 2022 मधल्या कडक दुरुस्तीने नुसत्या सेलवर न थांबता अख्ख्या पॅकची परीक्षा ठेवली: एक सेल तापला, तर आग शेजारच्या सेलांत पसरते का?