घुमट म्हणजेच मशीद का?

आमच्या गावची मशीद जुनी. जांभ्याच्या भिंती, लाकडी खांब, उतरतं कौलारू छप्पर. कोकणातला पाऊस अंगावर घेणारी. गेल्या वर्षी जमातीच्या बैठकीत ती पाडून सिमेंटची नवी बांधायचा विषय निघाला. मी विचारलं, दुरुस्ती का नको? एक बुजुर्ग म्हणाले, "बेटा, ही लांबून घरासारखी दिसते. घुमट, मिनार असले की मशीद वाटते."

त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण मला हबीब रहमान आठवले.

हबीब रहमान १९१५ साली कलकत्त्यात जन्मले. अमेरिकेतल्या एमआयटीत त्यांनी वास्तुकलेचं शिक्षण घेतलं. जर्मनीत बाउहाउस ही आधुनिक कलेची शाळा काढणारे वॉल्टर ग्रोपियस यांच्या सहवासात त्यांनी काम केलं. इमारतीवर उगाच नक्षी चढवू नका, साहित्य आणि गरज यांतूनच रूप येऊ द्या, हा आधुनिकतावादाचा धडा घेऊन ते परतले. बराकपूरचा गांधीघाट त्यांनी उभारला. १९४९ साली त्याचं उद्घाटन करणारे पंडित नेहरू प्रभावित झाले आणि पुढे रहमान दिल्लीत सरकारी बांधकाम खात्यात आले.

२२ फेब्रुवारी १९५८ रोजी मौलाना आझादांचा इंतकाल झाला. त्यांची मजार जामा मशिदीजवळ व्हायची होती. समोर शहाजहानची भव्य मशीद, पलीकडे लाल किल्ला. दुसऱ्या कोणी छोटा ताजमहाल बांधला असता. रहमान यांनी एकमेकींना छेदणाऱ्या कमानींची साधी, पांढरी छत्री उभी केली. चारी बाजू मोकळ्या. कमानीची ओळख जामा मशिदीची, तंत्र मात्र काँक्रीटचं. शेजारच्या मशिदीशी ती स्पर्धा करत नाही, तिला अदबीने सलाम करते.

साहित्य, संगीत नाटक आणि ललित कला या अकादम्या मौलाना शिक्षणमंत्री असताना स्थापन झाल्या. त्या तिन्ही ज्या रवींद्र भवनात आहेत, तेही रहमान यांचंच. १९६९ साली राष्ट्रपती डॉ. झाकिर हुसेन गेले, तेव्हा जामिया मिलियातल्या त्यांच्या मकबऱ्याचं कामही रहमान यांच्याकडे आलं. तिथल्या वर निमुळत्या होत जाणाऱ्या भिंती पाहून तुघलककालीन मकबरे आठवतात. नक्कल मात्र कुठेच नाही.

आधुनिकता म्हणजे परंपरेशी दुश्मनी, असं आपल्याकडे अनेकांना वाटतं. रहमान यांचं काम पाहिलं की वाटतं, परंपरेचं रूप उचलणं सोपं, तिची समज उचलणं कठीण. मदिन्यात हुजूर पैगंबरांनी (स.) बांधलेल्या मशिदीला कच्च्या विटांच्या भिंती होत्या, खजुराच्या बुंध्यांचे खांब आणि खजुराच्याच फांद्यांचं छप्पर. घुमट नव्हता, मिनारही नव्हता. जे हाताशी होतं, त्यातून ती उभी राहिली. आमच्या पूर्वजांनी कोकणात तेच केलं: जांभा, लाकूड, कौलं.

उलट सिमेंटचा घुमट, त्यावर हिरवा ऑइलपेंट आणि दुसऱ्याच मुलखातल्या फोटोवरून काढलेले मिनार ही ना परंपरा, ना आधुनिकता. "आम्ही इथलेच आहोत" हे आपण भाषणांत वारंवार सांगतो. ती कौलारू मशीद न बोलता तेच सांगत उभी आहे.

बैठकीत निर्णय झाला नाही. पुढच्या बैठकीला मी मौलानांच्या मजारीचा फोटो घेऊन जाणार आहे. बुजुर्गांना एवढंच विचारीन, "चाचा, यात घुमट कुठे आहे? तरी अदब कमी वाटते का?"