गाडी का डोलते? हवेच्या टायरपासून चिमट्यापर्यंतचा इतिहास

आजचा विषय रोज आपल्या बुडाखाली असतो, पण त्याच्याकडे आपण बघत नाही. मोटारसायकल.

दर्यापुरातल्या कुठल्याही गॅरेजात दोन-चार तास बसा, एक तक्रार हमखास ऐकू येईल. "भाऊ, गाडी लय डोलून राहिली." मिस्त्री विचारतो, "कुठं डोलते?" उत्तर येतं, "गावात काहीच नाही. मुर्तिजापूरकडून हायवेवर चढलो का डोलते."

या दोन वाक्यांत आपल्या भागाचा अख्खा इतिहास आहे. दर्यापूर पूर्णेच्या खोऱ्यातलं, खोल काळ्या मातीचं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते. तिच्यावरचा डांबरी रस्ता दोन-चार वर्षांत लाटांसारखा होतो. अशा रस्त्यावर गाडी तीस-चाळीसच्या वर जातच नाही. दुसरीकडे अमरावती-अकोला महामार्ग. जून २०२२ मध्ये तिथे लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि गिनीज बुकात नोंद झाली. म्हणजे एकाच फेरीत तीच गाडी आधी लाटांवरून चाळीसने जाते आणि मग गुळगुळीत रस्त्यावर ऐंशीने. चाळीसला लपलेला दोष ऐंशीला बाहेर येतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर बग आधीपासूनच होता, लोड वाढल्यावर दिसला.

मग हा दोष शोधायचा कसा? माझं म्हणणं असं, की गाडी ज्या क्रमाने सुधारत गेली त्याच क्रमाने तपासा. इतिहास हीच चेकलिस्ट.

पहिली पायरी: हवा

हवेच्या टायरचं पेटंट रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच घेतलं होतं, पण तेव्हा ते चाललं नाही. १८८८ मध्ये बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलला हवेचा टायर बसवला, आणि तिथून जग बदललं. त्याआधी चाक म्हणजे लाकूड, लोखंड, फार तर भरीव रबर. हवा आली तशी गाडी मऊ चालायला लागली, आणि सोबत नवा आजारही आला. कमी हवेचा टायर बाजूला दबतो, मग गाडी वळायला जड होते आणि सरळ रस्त्यावर लहरते.

म्हणून पहिलं काम, हवा. तीही सकाळी, टायर थंड असताना. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो. तापमान १० अंशांनी वाढलं की टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो, आणि चालून टायर आणखी तापतो. भर दुपारी "हवा जास्त झाली" म्हणून कमी केली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे शेतावर निघताना ती खरोखरच कमी असते. किती हवा भरायची ते गाडीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. एकट्याचा आकडा वेगळा, डबलसीटचा वेगळा.

मग टायरवरून हात फिरवा. रोज सरळ रस्त्यावर पळणारा मागचा टायर मधोमध चपटा होतो, आणि असा टायर वळणावर अडखळून झुकतो. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यातला. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर पकड सोडतं.

दुसरी पायरी: पुढचा शॉकअप आणि कोनसेट

सुरुवातीच्या मोटारसायकलींचा पुढचा भाग सायकलसारखाच कडक होता, नंतर स्प्रिंग लावलेले गर्डर फोर्क आले. १९३५ मध्ये बीएमडब्ल्यूच्या आर १२ या गाडीला तेलाचं डॅम्पिंग असलेला टेलिस्कोपिक फोर्क मिळाला. आज आपल्या बहुतेक गाड्यांचा पुढचा शॉकअप त्याच तत्त्वावर चालतो. स्प्रिंग धक्का घेते आणि तेल तिची उडी थांबवतं. हा फरक लक्षात ठेवा. खड्ड्यानंतर गाडी एकदा दबून शांत झाली तर तेल काम करतंय. दोन-तीन उड्या मारल्या तर तेल संपलंय, नाहीतर ऑइल सील गेलंय. नळीवर तेलाचा ओलसर, धूळ चिकटलेला गोल दिसला तर निदान तिथेच झालं.

आता कोनसेट. हँडल ज्या गोळ्यांवर फिरतं तो भाग. गाडी मेन स्टँडवर घ्या, मागून कुणाला तरी दाबायला सांगा, म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. फोर्कची खालची टोकं धरून पुढे-मागे हलवा. 'टक टक' जाणवलं तर कोन ढिला आहे. मग हँडल हळूच फिरवा. बरोबर मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकलं तर वाटीत गोळ्यांचे खड्डे पडलेत. लाटांच्या रस्त्यावर हँडल बहुतेक वेळ सरळच असतं, त्यामुळे मार सारखा त्याच जागी बसतो. तो कोनसेट आवळून उपयोग नाही, बदलावाच लागतो.

इथे चेतकची आठवण काढायला हवी. मूळ व्हेस्पा १९४६ ची, आणि ती आखली कोराडिनो द'आस्कानियो या विमानाच्या इंजिनिअरने. म्हणून पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूने धरलेलं, आणि इंजिन उजवीकडे. त्याच घराण्यातली बजाजची चेतक १९७२ पासून महाराष्ट्रभर पळाली. ती थोडी एका बाजूला ओढायची, पण तो आजार नव्हता, ती रचनाच होती. निदान करताना हा प्रश्न आधी विचारायचा: ही गाडी पहिल्यापासून अशी आहे, की आता अशी झाली?

तिसरी पायरी: चिमटा

मागच्या चाकाला बरीच वर्षं स्प्रिंगच नव्हती. सगळा धक्का सीटखालच्या स्प्रिंगा आणि माणसाची कंबर खात होती. १९४९ च्या सुमारास इंग्लंडमध्ये आलेल्या रॉयल एन्फील्ड बुलेटला मागे स्विंगआर्म मिळाला. हीच बुलेट १९५५ पासून मद्रासला बनायला लागली. त्या स्विंगआर्मला आपल्या गॅरेजात 'चिमटा' म्हणतात, आणि मला तो शब्द मूळ नावापेक्षा जास्त पटतो. चाकाला धरणारा चिमटाच तो.

चिमट्याचे बुश झिजले की मागचं चाक स्वतःच्या मर्जीने डावी-उजवी जातं. मागचं चाक दोन्ही हातांनी धरून बाजूला हलवा. चिमट्यासकट हललं तर बुश गेले. फक्त चाक हललं तर बेअरिंग. चेन ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवल्या नाहीत, तरी चाक तिरपं बसतं आणि गाडी एकीकडे ओढते. मागच्या शॉकअपला टप्पे असतात. स्प्लेंडरला पाच आहेत. एकट्याचा टप्पा ठेवून मागे दोघं आणि वर सरकीचं पोतं घेतलं, तर मागचा भाग बसतो, पुढचं चाक हलकं होतं आणि हँडलमधला जीव जातो.

चौथी पायरी: डोलण्याचे प्रकार

१९७१ मध्ये रॉबिन शार्प या ब्रिटिश अभियंत्याने मोटारसायकलच्या तोलाचं गणित मांडलं. टायर बाजूला कसा वागतो हेही त्यात धरलं होतं. त्यातून डोलण्याचे दोन वेगळे प्रकार स्पष्ट झाले. एकात फक्त हँडल झपाट्याने थरथरतं, सेकंदाला चार ते दहा वेळा. दुसऱ्यात अख्खी गाडी सापासारखी वळवळते, सेकंदाला दोन-तीन वेळा, आणि वेग वाढला की तीही वाढते.

हा फरक ओळखला की अर्धं निदान झालं. हँडल थरथरतं तर आधी पुढे बघा: पुढचा टायर, रीम, कोन. अख्खी गाडी वळवळते तर आधी मागे बघा: मागची हवा, चिमटा, बेअरिंग, आणि मागच्या कॅरिअरवर लटकवलेलं ओझं. चालवताना असं झालं तर करकचून ब्रेक मारू नका, हँडलशी कुस्ती खेळू नका. पकड सैल ठेवा, गुडघ्यांनी टाकी धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. टायर, कोनसेट, शॉकअप सगळं एकदम बदललं तर गाडी कदाचित बरी होईल, पण नेमकं काय बिघडलं होतं ते कळणार नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेवढाच खर्च. हवेपासून सुरुवात करण्याचं कारणही हेच. ती तपासणी जवळजवळ फुकट आहे. चिमटा खोलायला अर्धा दिवस जातो.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, आणि त्यातली साधारण ४४ टक्के दुचाकीवरची होती. सगळ्यांचं कारण टायर किंवा शॉकअप नाही, हे उघड आहे. पण आपल्याकडे गाडी पडली की दोष दोघांवरच जातो: पोरगा जोरात होता, नाहीतर रस्ता खराब होता. चाकात हवा किती होती, हे फार क्वचित विचारलं जातं. ते पडण्याआधी विचारायचं असतं. त्यामुळे उद्या सकाळी हायवेवर चढण्याआधी, गाडी थंड असतानाच, पंक्चरवाल्याकडे दोन मिनिटं थांबा. आणि तुमच्या गॅरेजातले असे खास शब्द आम्हाला कळवा, 'चिमटा'सारखे आणखी बरेच असणार.