हातातला अँटेना आणि हॅमसॅटची नऊ वर्षं

बर्‍याच दिवसांनी शनिवार मोकळा मिळाला, म्हणून राहून गेलेली गोष्ट लिहून टाकतो.

मध्यंतरी मुक्ताईनगरला घरी गेलो होतो. (जुन्या माणसांच्या तोंडी अजून एदलाबादच.) माळा आवरताना एक ध्यान सापडलं: पीव्हीसीचा पाइप आणि त्यावर आडवे बसवलेले पोलादी मेजरिंग टेपचे तीन तुकडे. आई म्हणाली, "भंगारवाल्याला देऊन टाकू का?" मी नको म्हणालो. का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

हौशी रेडिओवाल्यांचा, म्हणजे हॅम लोकांचा, पहिला उपग्रह ऑस्कर-१. तो १२ डिसेंबर १९६१ रोजी एका अमेरिकी लष्करी उपग्रहासोबत वर गेला. वजन साधारण साडेचार किलो आणि काम एकच: मोर्समध्ये 'हाय' म्हणत राहायचं. बावीस दिवसांनी तो गप्प झाला, पण तोवर २८ देशांतल्या पाचशेहून जास्त लोकांनी तो ऐकल्याचं कळवलं होतं.

आपला नंबर लागला ५ मे २००५ला. पीएसएलव्ही-सी६ने श्रीहरिकोट्याहून कार्टोसॅट-१ नेला आणि सोबत ४२.५ किलोचा हॅमसॅट. त्यात दोन ट्रान्सपॉन्डर होते, एक भारतीय आणि एक डच विद्यार्थ्याने बनवलेला. ४३५ मेगाहर्ट्झवर तुम्ही बोलायचं, तो ते १४५वर खाली परत पाठवणार, साधारण एका वॅटच्या ताकदीने. घरातल्या झिरोच्या बल्बपेक्षाही कमी! हे वाचलं आणि डोक्यात किडा शिरला. लायसन्सची परीक्षा दिली, एक सेकंडहँड एसएसबी रिसीव्हर घेतला. राहिला फक्त अँटेना.

आणि इथेच माझ्यातला इंजिनिअर आडवा आला. मी एक्सेल शीट उघडली.

आता हातात धरायचा अँटेना निवडणं म्हणजे काय ते बघू. हॅमसॅट सव्वासहाशे किलोमीटरवरून जायचा. डोक्यावर असताना अंतर तेवढंच, पण क्षितिजावर असताना जवळजवळ २९०० किलोमीटर. अंतर साडेचार पट, म्हणजे सिग्नल वीस पटींनी क्षीण. वॉकीटॉकीची रबरी शेपटी तिथे टिकत नाही. मग मोठाच अँटेना घ्यावा ना? नाही! अँटेना जितका लांब, तितका त्याचा झोत अरुंद. उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटरने पळतोय, सगळा खेळ जास्तीत जास्त दहा-बारा मिनिटांचा. अरुंद झोताचा अँटेना हाताने त्याच्यामागे फिरवताना नेम हमखास चुकतो. तीन दांड्यांच्या आखूड अँटेनाचा झोत साठेक अंशांचा असतो. म्हणजे "साधारण तिकडे" एवढा नेम पुरतो. वजनही हाताला झेपतं.

ह्या रचनेचं नाव यागी-उदा. जपानच्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदांनी बरंचसं काम केलं, १९२६मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि १९२८मधल्या इंग्रजी लेखामुळे नाव झालं त्यांच्या प्राध्यापक यागींचं. (असं फक्त आयटीतच होतं असं वाटत होतं मला!) गंमत पुढेच आहे. १९४२मध्ये सिंगापूर घेतल्यावर जपान्यांच्या हाती ब्रिटिशांची रडारवरची टिपणं लागली. त्यात 'यागी' शब्द वारंवार. अर्थ कळेना, म्हणून ब्रिटिश कैद्याला विचारलं, तर तो म्हणाला, अहो, हे तुमच्याच प्रोफेसरचं नाव!

आपल्याकडे हाच यागी गच्चीगच्चीवर होता. दूरदर्शनच्या काळात वडील वर, आपण खाली, आणि मधे "आलं का? आता? थोडं डावीकडे!" मी जुन्या टीव्ही अँटेनाचे दांडे मोजून पाहिले होते. १४५ मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी मीटरभर लागते, ते दांडे आखूड पडले.

असो. माझी शीट वाढत गेली. विकतचा परदेशी की घरचा? यागी की लॉग-पिरिऑडिक? एक केबल की दोन? असं करत २०१२ची दिवाळी आली. बाबा वैतागून म्हणाले, "अरे काय करून राह्यला तू? एक बनव ना, वाजला तर वाजला!" आणि त्यांनीच स्वतःचा मेजरिंग टेप कापायला दिला.

सकाळी गच्चीवर गेलो. उत्तरेला सातपुड्याची रेघ. उपग्रह तिकडूनच उगवणार होता. आधी नुसती खरखर, मग बीकनची बारीक शिट्टी. भुसावळला गाडी पुढून गेली की शिट्टीचा सूर उतरतो, तसाच हिचाही सूर उतरत होता. मधेच ती बुडाली. अँटेना बाबांच्या हातात होता. त्यांनी काही न विचारता मनगट नव्वद अंशांत वळवलं आणि आवाज परत आला! उपग्रह आणि आयनोस्फिअर लहरींचा पीळ बदलत राहतात, त्याला हाच उपाय. गच्चीवरची वीस वर्षांची सवय कामी आली. मग एक माणूस ऐकू आला, लांब कुठून तरी सीक्यू म्हणत होता. बाबा म्हणाले, "बोल ना त्याच्याशी."

पण माझ्याकडे ४३५चा ट्रान्समीटर नव्हता. म्हटलं, पुढच्या वर्षी. नीट अँटेना निवडून.

दोन वर्षं चालेल म्हणून सोडलेला हॅमसॅट नऊ वर्षं चालला. जुलै २०१४मध्ये त्याच्या लिथियम-आयन बॅटर्‍यांनी दम तोडला. माझी शीट तेव्हाही उघडीच होती.

पुढे सप्टेंबर २०१६मध्ये आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम' गेला. आयनोस्फिअरमधले इलेक्ट्रॉन मोजणं हे त्याचं काम, आणि ते लहरींच्या ह्याच पिळावरून मोजायचे. बातमी वाचून बाबांना दाखवली. म्हणाले, "म्हणजे माझं मनगट सायन्सच होतं की."

बाबा आता नाहीत. कोणी विचारलं की "कोणता अँटेना घेऊ?", तर मी त्याला शीट पाठवत नाही. आधी उपग्रह अजून चालू आहे का ते बघ म्हणतो, आणि मग घरातला मेजरिंग टेप शोध म्हणतो.

ते ध्यान आता पुण्यात माझ्या टेबलामागे उभं आहे. एक टोक जरा वाकलंय. सरळ करणार नाहीये.