झोपडपट्टी पुनर्वसन : नवे घर मिळेपर्यंतचे भाडे, त्याची कागदपत्रे आणि भाडे थकल्यास काय करावे

आपली झोपडी पुनर्वसन योजनेत गेली असेल, तर जुनी खोली रिकामी केल्यापासून नव्या घराची चावी हातात पडेपर्यंत मध्ये काही वर्षे जातात. या काळात राहायचे कुठे याची दोन उत्तरे असतात : संक्रमण शिबिर किंवा दरमहा भाडे. मुंबईत बहुतेक योजनांमध्ये आता भाडेच दिले जाते. ते कोणाकडून येते, कधीपर्यंत मिळते आणि थांबले तर कोणाकडे जायचे, याची माहिती पुढे दिली आहे. माहिती मुख्यतः मुंबईतील झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणाच्या, म्हणजे झोपुप्राच्या योजनांना धरून आहे. इतर योजना व राज्ये यांच्याविषयी वेगळा भाग आहे.

हे भाडे कोण देते?

अनेक कुटुंबांचा समज असतो की भाडे सरकार देते. खासगी विकासकामार्फत राबवल्या जाणाऱ्या योजनेत तसे नसते. प्राधिकरण योजना मंजूर करते आणि तिच्यावर देखरेख ठेवते, पण भाड्याचे पैसे विकासकाने द्यायचे असतात. मोकळ्या झालेल्या जागेवर त्याला विक्रीसाठी बांधकाम करता येते, त्याच्या बदल्यात तो आपले पुनर्वसन करतो, आणि भाडे हा त्या पुनर्वसनाचाच भाग आहे. म्हणून ते मागताना उपकार मागत आहोत असे वाटून घेऊ नका. मात्र याचा दुसरा अर्थही आहे. विकासकाचे पैसे अडकले, त्याचे भागीदारांशी भांडण झाले किंवा प्रकल्प न्यायालयात गेला, की पहिला फटका बहुधा भाड्याला बसतो.

याच अनुभवामुळे प्राधिकरणाने २०२३ मध्ये परिपत्रक क्रमांक २१० काढले. त्यानुसार विकासकाने दोन वर्षांचे भाडे आगाऊ जमा करायचे आणि त्यापुढच्या काळासाठी पुढील तारखांचे धनादेश द्यायचे. आपल्या योजनेत ही रक्कम जमा झाली आहे का, हे झोपडी रिकामी करण्यापूर्वी विचारा. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी ‘झाली आहे’ असे तोंडी सांगितले म्हणून थांबू नका. प्राधिकरणाकडे लेखी विचारता येते. उत्तर आले नाही तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला हे शुल्कही नाही. माहिती ३० दिवसांत मिळायला हवी.

भाडे कोणाला मिळते?

ज्याचे नाव परिशिष्ट-२ मध्ये ‘पात्र’ म्हणून आहे, त्याला. परिशिष्ट-२ म्हणजे त्या वस्तीतील झोपडीधारकांची पात्र-अपात्र यादी. जमीन कोणाची आहे त्याप्रमाणे महापालिका, जिल्हाधिकारी कार्यालय किंवा म्हाडा यांचा सक्षम प्राधिकारी ती तयार करतो. १ जानेवारी २००० पर्यंतची झोपडी असल्यास घर मोफत मिळते. त्यानंतरची पण १ जानेवारी २०११ पर्यंतची असल्यास सशुल्क मिळते, आणि त्यासाठी २.५ लाख रुपये किंमत ठरवण्यात आली आहे.

यादीत आपण ‘अपात्र’ किंवा ‘अनिर्णित’ असाल, तर भाड्याचा प्रश्न तिथेच अडकतो. अशा वेळी आधी अपील दाखल करा. अपिलाला मुदत असते आणि ती निर्णय कळल्यापासून मोजली जाते. त्यामुळे निर्णयाची प्रत ज्या दिवशी मिळाली त्याची नोंद ठेवा. झोपडी पाडल्यावर पात्रता सिद्ध करणे फार कठीण जाते. उभ्या झोपडीचा पुरावा पाहायला अधिकारी येऊ शकतो, पाडलेल्या झोपडीचा फक्त कागद उरतो.

यादीतील नावाचे स्पेलिंग, झोपडी क्रमांक आणि आधारवरील नाव एकमेकांशी जुळते का, तेही आताच पाहा. नवे घर पती-पत्नीच्या संयुक्त नावाने दिले जाते. म्हणून भाड्याचे खातेही शक्य असल्यास दोघांच्या नावाने ठेवा. मूळ झोपडीधारकाचे मधल्या काळात निधन झाले, तर वारसांनी पुढचे भाडे स्वतःच्या खात्यात मागण्यापूर्वी प्राधिकरणाकडे वारसनोंदीचा अर्ज करावा. घरात वाद असेल तर तो भाड्यावरून आधी उघड होतो. पुढे घराच्या ताब्यावरून होण्यापेक्षा तो आताच मिटलेला बरा.

खोली रिकामी करण्याआधी

या संपूर्ण काळात आपल्या हातात सर्वांत जास्त बळ असते ते खोलीचे कुलूप आपल्याकडे असेपर्यंत. याचा अर्थ अडवून बसा असा नाही. योजना रीतसर मंजूर झाल्यावर सहकार्य न करणाऱ्यांना कायद्याच्या कलम ३३ आणि ३८ खाली नोटीस देऊन बाहेर काढता येते, आणि न्यायालयेही अशा वेळी बहुमताच्या बाजूने उभी राहतात. अर्थ एवढाच, की कागद आधी घ्या, चावी नंतर द्या.

घ्यायचा मुख्य कागद म्हणजे विकासकाशी झालेला वैयक्तिक करारनामा. संस्थेचा करार पुरेसा नाही, आपल्या नावाचा हवा. त्यात दरमहा भाड्याची रक्कम आकड्यात आणि अक्षरात असावी. दरवर्षी किती वाढ मिळेल, भाडे कोणत्या तारखेपासून सुरू होईल, आणि ते ‘भोगवटा प्रमाणपत्रासह प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंत’ चालू राहील, हेही लिहिलेले असावे. शेवटच्या शब्दांकडे विशेष लक्ष द्या. ‘इमारत पूर्ण होईपर्यंत’ असे लिहिले असेल, तर इमारत उभी आहे पण पाणी व भोगवटा प्रमाणपत्र नाही अशा अवस्थेत भाडे बंद होऊ शकते. ‘३६ महिन्यांसाठी’ असे लिहिले असेल, तर सदतिसाव्या महिन्याचे काय, हे विचारा.

रक्कम मान्य करण्यापूर्वी आसपास खोली खरोखर कितीला मिळते ते पाहून या. समजा भाडे १२,००० ठरले आणि मुलांच्या शाळेजवळची खोली १४,००० ला आहे. महिन्याला २,००० म्हणजे तीन वर्षांत ७२,००० रुपये आपल्या खिशातून जातील. त्यात घरमालकाची अनामत आणि दलालाची दलाली वेगळी. विकासक अनामत किंवा सामान हलवण्याचा खर्च देणार असेल, तर तोही करारात लिहून घ्या. दुकान किंवा गाळा असल्यास व्यावसायिक भाडे निवासी भाड्यापेक्षा वेगळे ठरते.

खोली देताना रिकामी केल्याची दिनांकासह पावती घ्या. झोपडीचे आतून-बाहेरून फोटो काढा, दारावरचा सर्वेक्षण क्रमांक त्यात दिसू द्या. जुने वीजबिल, शिधापत्रिका, मतदार यादीतील नोंद, सर्वेक्षणाची पावती या सगळ्यांच्या प्रती एका फाइलमध्ये ठेवा आणि एक संच गावी किंवा नातेवाइकाकडे ठेवा. भाड्याची खोली बदलताना गहाळ होते ती हीच फाइल. आधारवरील पत्ता बदलणार असाल, तर जुन्या पत्त्याच्या आधारची प्रत आधी काढून ठेवा. धान्यासाठी शिधापत्रिका लगेच बदलण्याची गरज नाही. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ व्यवस्थेत दुसऱ्या भागातील दुकानातूनही आपले धान्य उचलता येते.

भाड्याच्या खोलीत राहताना

घरमालकाशी केलेला भाडेकरार नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार लेखी करार करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांनी करार नव्याने होतो आणि भाडेही बहुधा वाढते. विकासकाची वार्षिक वाढ त्याच सुमारास मिळते का, हे जुळवून पाहा.

पुढील तारखांचे धनादेश मिळाले असल्यास प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा. धनादेश त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांत बँकेत भरला नाही तर बाद होतो. ‘या महिन्यात भरू नका, खात्यात पैसे नाहीत’ असा फोन आला, तर ते लेखी मागा. असे दोन-तीन फोन ऐकले की तिमाही सरते आणि धनादेश हातात असून उपयोग राहत नाही.

संक्रमण काळातील या भाड्यातून प्राप्तिकराची कपात होत असेल तर हेही लक्षात घ्या : मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका पुनर्विकास प्रकरणात स्पष्ट केले, की विस्थापित रहिवाशाला मिळणारी अशी रक्कम प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९४-आय मधील ‘भाडे’ नव्हे, त्यामुळे तिच्यातून टीडीएस कापायचा नसतो.

आपली पात्रता ‘विकत’ घ्यायला दलाल याच काळात फिरतात. भाडे थकलेल्या कुटुंबाला रोख दोन-चार लाख मोठे वाटतात. कुलमुखत्यारपत्रावर सही केल्यावर घरही जाते आणि भाडेही. अशा व्यवहाराला प्राधिकरणाची मान्यता नसते.

भाडे थांबले तर

पहिल्याच महिन्यात लेखी तक्रार करा. वर्षभर वाट पाहून एकदम बारा महिन्यांची मागणी करणाऱ्याला ‘इतके दिवस का बोलला नाहीत’ असे विचारले जाते. अर्ज झोपुप्राच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावाने करा, प्रत विकासकाला आणि संस्थेला द्या. मुंबईचे कार्यालय वांद्रे पूर्व येथे अनंत काणेकर मार्गावर आहे. पुणे-पिंपरी चिंचवडसाठी वेगळे प्राधिकरण आहे. अर्जात योजनेचे व संस्थेचे नाव, परिशिष्ट-२ मधील आपला अनुक्रमांक, झोपडी रिकामी केल्याची तारीख, कोणत्या महिन्यापासून भाडे नाही आणि एकूण थकबाकी किती, एवढे असले म्हणजे झाले. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. वस्तीतील अनेकांचे भाडे थकले असले तरी सामूहिक अर्जासोबत प्रत्येकाचा स्वतंत्र अर्जही द्यावा, कारण थकबाकीची रक्कम प्रत्येकाची वेगळी असते.

धनादेश न वटल्यास वेगळी वाट आहे आणि तिथे दिवस मोजावे लागतात. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला समोरच्याला १५ दिवस असतात. तरी न भरल्यास पुढच्या एका महिन्यात परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली न्यायालयात तक्रार करता येते. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, दूरध्वनी १५१००. महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत विधी साहाय्य मिळते.

सन २०२५ मध्ये राज्याने झोपडपट्टी कायद्यात दुरुस्ती केली असून विकासकाने थकवलेले भाडे जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद आणली आहे. आपल्या अर्जात या तरतुदीनुसार वसुलीची मागणी स्पष्ट शब्दांत करा. काम मुदतीत होत नसेल तर कलम १३(२) खाली विकासक बदलता येतो. हा मार्ग लांबचा आहे. विकासक बदलला की नवा येईपर्यंत कधी कधी भाडे पूर्ण बंद राहते, म्हणून संस्थेच्या सभेत हात वर करण्यापूर्वी विचारा : मागची थकबाकी नव्या विकासकाने कधी द्यायची? ते आदेशात येऊ द्या.

इतर योजना आणि इतर राज्ये

मुंबईतील बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडा स्वतः करते. तेथील रहिवाशांना संक्रमण गाळा किंवा दरमहा २५,००० रुपये भाडे असा पर्याय देण्यात आला. वरळीतील पहिल्या ५५६ घरांचा ताबा ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आला.

तमिळनाडूत जुनी गाळेवस्ती पाडून नवी बांधताना नागरी अधिवास विकास मंडळ कुटुंबाला २४,००० रुपये एकरकमी स्थलांतर भत्ता देते, दरमहा भाडे नाही. दिल्लीत कठपुतळी कॉलनीतील कुटुंबांना आनंद पर्वत येथील संक्रमण शिबिरात हलवले गेले. प्रधानमंत्री आवास योजना (नागरी) २.० मध्ये घराची वाट पाहणाऱ्याला दरमहा भाडे देण्याची सोय नाही. तिच्यातील ‘परवडणारी भाड्याची घरे’ हा घटक भाड्याने घरे उपलब्ध करण्यासाठी आहे, रोख मदतीसाठी नाही. ‘आवास योजनेचे भाडे मंजूर करून देतो’ असे सांगून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

ताबा घेताना

सोडतीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि भाड्याच्या खोलीचा सध्याचा पत्ता व चालू मोबाइल क्रमांक प्राधिकरणाकडे आधीच नोंदवून ठेवा. ताबापत्रावर सही करण्यापूर्वी थकीत भाड्याचा हिशेब मिटवून घ्या. तो मिटला नसेल, तर ‘अमुक रक्कम येणे बाकी’ अशी नोंद करूनच सही करा आणि त्या कागदाची प्रत मागून घ्या. घरमालकाला खोली सोडण्याची सूचना भाडेकरारात ठरलेल्या मुदतीप्रमाणे द्या, पण नव्या घरात वीज आणि पाणी सुरू झाल्याचे प्रत्यक्ष पाहिल्यावरच. अनामत परत मिळाल्याची पावती त्याच फाइलमध्ये लावा.