माळव्यातील बौद्ध धर्म : श्रद्धा, आचार आणि बाघचा ताम्रपट

प्रास्ताविक

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला प्रामुख्याने पवार घराण्याच्या संस्थानांमुळे परिचित आहेत. परंतु हा प्रदेश प्राचीन अवंती जनपदाचा भाग होता आणि बौद्ध धर्माच्या प्रारंभीच्या इतिहासात अवंतीला स्वतंत्र स्थान आहे. महाविद्यालयीन अध्यापनात बौद्ध धर्म बहुधा चार आर्यसत्ये, अष्टांगिक मार्ग आणि पंचशील अशा याद्यांच्या रूपाने शिकविला जातो. या याद्या अचूक असल्या तरी त्यांतून धर्म प्रत्यक्ष कसा जगला जात होता आणि तो कशाच्या आधारावर टिकला, याचा बोध होत नाही. माळव्यातील पुराव्यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मूलभूत तत्त्वे

जीवनात दुःख आहे, त्या दुःखाला तृष्णा हे कारण आहे, कारण दूर केल्यास दुःखाचा निरोध होतो आणि त्यासाठी निश्चित मार्ग आहे, ही चार आर्यसत्ये होत. हा मार्ग म्हणजे सम्यक दृष्टीपासून सम्यक समाधीपर्यंतचा अष्टांगिक मार्ग. जगातील सर्व गोष्टी अनित्य आहेत आणि माणसात न बदलणारा आत्मा नाही, ही भूमिका त्याच्या मुळाशी आहे. बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जाणे ही धर्मातील प्रवेशाची खूण होय. हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्यपान यांपासून दूर राहण्याचे पंचशील गृहस्थासाठी आहे, तर भिक्षूसाठी विनयाचे सविस्तर नियम आहेत. पंधरवड्यातून एकदा उपोसथाच्या दिवशी एकत्र येऊन त्या नियमांचे पठण करणे आणि पावसाळ्यात एका जागी वर्षावास करणे हे संघाचे दोन प्रमुख आचार होते.

अवंतीची जमीन आणि विनयाचे नियम

हे नियम स्थळकाळाचा विचार न करता लादले गेले नाहीत, याचे उत्तम उदाहरण अवंतीनेच दिले आहे. विनयपिटकाच्या महावग्गात सोण कुटिकण्ण या तरुणाची हकिकत येते. महाकात्यायन हे बुद्धाचे प्रमुख शिष्य त्या वेळी अवंतीत राहत होते. उपसंपदेसाठी, म्हणजे पूर्ण भिक्षुदीक्षेसाठी, दहा भिक्षूंचा संघ आवश्यक होता. अवंतीत भिक्षू इतके थोडे होते की सोणाच्या दीक्षेसाठी दहाजण जमविण्यास तीन वर्षे लागली. पुढे सोण बुद्धाच्या दर्शनास निघाला, तेव्हा महाकात्यायनांनी त्याच्यामार्फत काही अडचणी कळविल्या : येथे भिक्षू कमी आहेत; जमीन काळी, खडबडीत आणि गुरांच्या खुरांनी तुडविलेली आहे; लोकांना स्नानाची आवड आहे; अंथरुणासाठी कातडी वापरण्याची रीत आहे. बुद्धाने या मागण्या मान्य केल्या. विनयधरासह पाच भिक्षूंच्या संघाला दीक्षा देण्याची मुभा मिळाली, तसेच अनेक पदरी पादत्राणे, नित्य स्नान आणि कातड्याचे अंथरूण यांनाही परवानगी मिळाली.

माळव्याची काळी जमीन ज्यांनी उन्हाळ्यात तुडविली आहे, त्यांना ही पादत्राणांची मागणी निराळी समजावून सांगावी लागत नाही. धर्माचे उद्दिष्ट कायम ठेवून आचाराचे नियम स्थानिक परिस्थितीनुसार बदलण्याची ही पद्धत बौद्ध धर्माच्या प्रसाराचे एक कारण मानता येते.

बाघच्या लेणी आणि ताम्रपट

धार जिल्ह्यात बाघिनी नदीच्या काठी असलेल्या बाघच्या लेणी याच परंपरेचा नंतरचा टप्पा दाखवितात. नऊ लेण्यांचा हा समूह सर्वसाधारणपणे इ. स. च्या पाचव्या-सहाव्या शतकातील मानला जातो. मध्ये खांबांचा मंडप, बाजूंना भिक्षूंच्या खोल्या आणि मागे गाभाऱ्यात खडकातच कोरलेला स्तूप, अशी येथील प्रमुख विहारांची रचना आहे. निवास आणि उपासना या दोन्ही गोष्टी येथे एकाच छपराखाली होत्या.

संस्थानी काळात बाघ हे ग्वाल्हेर राज्यात होते. 1929 मध्ये क्रमांक दोनच्या लेण्यात माहिष्मतीच्या महाराज सुबंधूचा ताम्रपट सापडला. त्यातील वर्षाचा उल्लेख शिल्लक नाही. दत्तटक नावाच्या व्यक्तीने बांधविलेल्या कलयन विहारास राजाने एक गाव दान दिल्याची नोंद त्यात आहे. दानाचे हेतू तीन : गंध, धूप, फुले इत्यादींनी बुद्धाची पूजा, विहाराच्या मोडतोडीची दुरुस्ती, आणि चारही दिशांनी येणाऱ्या भिक्षुसंघाला चीवर, भिक्षान्न, शयनासन व औषधे पुरविणे.

भिक्षूच्या जीवनाला लागणाऱ्या वस्तूंची विनयाने घालून दिलेली यादी येथे जवळजवळ तशीच राजाज्ञेत उतरली आहे. भिक्षूने संग्रह करू नये, त्याने धम्म सांगावा आणि गृहस्थाने त्याच्या गरजा भागवाव्यात, हा परस्परसंबंध म्हणजे बौद्ध आचाराचा कणा होय. संस्थेची देखभाल आणि तेथे राहणाऱ्यांचा निर्वाह यांसाठी उत्पन्न कायमचे बांधून देण्याची ही कल्पना वक्फच्या व्यवस्थेशी परिचित असलेल्या वाचकाला सहज समजेल. दोहोंचा कायदेशीर व धार्मिक पाया मात्र भिन्न आहे.

ऱ्हास आणि विस्मरण

दुरुस्तीचा उल्लेख ही केवळ औपचारिकता नव्हती. बाघचा वालुकाश्म ठिसूळ आहे. देखभाल थांबली की छत आणि खांब कोसळणार, हे उघड होते आणि घडलेही तसेच. काही लेणी पार ढासळली. प्रसिद्ध भित्तिचित्रे ओल आणि पडझड यांनी नष्ट होत गेली. उरलेली बरीचशी चित्रे 1982 मध्ये भिंतींवरून काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेण्यात आली.

या विस्मरणाची साक्ष एका मुस्लिम विद्वानाच्या ग्रंथात मिळते. अल्-बिरूनीने इ. स. 1030 च्या सुमारास लिहिलेल्या ‘किताब-उल्-हिंद’मध्ये माळव्याची राजधानी म्हणून धारचा आणि तेथील राजा भोजाचा उल्लेख आहे. परंतु आपल्याला बौद्धांचा एकही ग्रंथ मिळाला नाही आणि त्यांची मते समजावून देणारा एकही बौद्ध भेटला नाही, असे त्याने प्रांजळपणे नमूद केले आहे. जे ठाऊक नाही ते ठाऊक नसल्याचे सांगणारी ही वृत्ती संशोधकाने आजही अनुकरावी अशी आहे.

समारोप

धार आणि देवास यांच्या दरम्यान इंदूर जिल्हा येतो. याच जिल्ह्यातील महू येथे 1891 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे त्यांनी भिक्षू चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण व पंचशील ग्रहण केले आणि नंतर आपल्या अनुयायांना स्वतः दीक्षा देऊन बावीस प्रतिज्ञा दिल्या. जो धर्म राजाच्या दानावर आणि विहारांच्या देखभालीवर विसंबून होता, तो आता गृहस्थांच्या घरात आणि वस्तीत उभा राहिला. ‘थोड्या भिक्षूंनिशी धर्म कसा चालावा’ हा महाकात्यायनांचा प्रश्न या प्रकारे नव्याने सोडविला गेला. म्हणून अध्यापकांनी पंचशील आणि आर्यसत्ये शिकविताना त्यांच्या जोडीला सोणाची पादत्राणे आणि सुबंधूचा ताम्रपटही ठेवावा. तत्त्व ग्रंथात सुरक्षित राहते, पण धर्म टिकतो तो माणसांनी एकमेकांची जबाबदारी घेतल्याने, हे त्यातून विद्यार्थ्यांच्या ध्यानी येईल.