सर्पगंधा: आजीची पुडी आणि मुंबईतले पन्नास रुग्ण

आजची गोष्ट आमच्या घरातूनच सुरू होते. दिवाळीत गावी गेलो तर आजीला सारखी चक्कर येत होती. तिच्या उशाखाली एक पुडी सापडली. ‘बीपीची मुळी आहे रे, सर्पगंधा. झाडपाल्याने काय होतंय?’ डॉक्टरांची गोळी चालू होतीच, त्यावर ही.

गंमत म्हणजे या मुळीचा इतिहास आजीच्या बाजूने आहे, आणि माझ्याही.

बिहारकडे तिला ‘पागल की दवा’ म्हणायचे. 1931 साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं की तिने वेडाचा झटका शांत होतो, रक्तदाबही उतरतो. त्याच वर्षी सलीमुझ्झमान सिद्दीकींनी मुळीतली अल्कलॉइड वेगळी काढली. त्यातल्या एकाला हकीम अजमल खानांवरून ‘अजमलीन’ नाव दिलं.

पण मला खरे भावतात ते आपल्या मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील. केईएमशी जोडलेले हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी 50 रुग्ण घेतले, रक्तदाब मोजला, मुळीच्या गोळ्या दिल्या, परत परत मोजला. 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यांचा लेख आला आणि जग जागं झालं. ‘आमच्याकडे पूर्वीपासून आहे’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. आमच्या धंद्यात टेस्ट न करता कोड लाइव्ह केला तर रात्री दोनला फोन येतो, म्हणून मला हे जास्तच जवळचं वाटतं! 1957 मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला.

1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने मुळीतून रिसर्पीन वेगळं केलं. आता डोस मिलिग्रॅममध्ये मोजता येऊ लागला. हजारो लोक ते घेऊ लागले तेव्हा दुसरी बाजूही दिसली: काही रुग्ण फार उदास झाल्याच्या नोंदी आल्या, विशेषतः मोठ्या डोसवर. हे कळलं कारण कुणाला किती दिलं ते लिहिलेलं होतं.

आजीच्या पुडीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. मुळीतलं औषधाचं प्रमाण झाडागणिक बदलतं. चक्कर तिच्यामुळेच का, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता येईना. त्यांनी पुडी आधी बंद करायला सांगितली.

आजीने दिली. अर्धीच दिली असावी, असा माझा संशय आहे.