राष्ट्रीय संगणक-संस्था आणि कचारगडच्या परिसरातील लिपी

मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदियाच्या पूर्वेस, छत्तीसगडच्या सीमेलगत दरेकसा हे लहानसे स्थानक आहे. माघी पौर्णिमेस तेथे गोंड यात्रेकरूंची रीघ लागते. कारण जवळची कचारगडची गुहा हे त्यांचे श्रद्धास्थान होय. या यात्रेकरूंच्या गोंडी भाषेसाठी शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये एक लिपी रचली. ती संगणकावर केव्हा व कोणामार्फत आली, हा प्रश्न वरवर किरकोळ भासतो. तथापि राष्ट्रीय संशोधन-संस्था कशासाठी स्थापन होते आणि कशावर तगते, याचा विचार करताना तो टाळता येत नाही.

पुण्याचे प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, १९८८ मध्ये स्थापन झाले. महासंगणक देण्याबाबत अमेरिकेने घातलेले निर्बंध हे त्याच्या जन्माचे निमित्त. सूत्रे डॉ. विजय भटकर यांच्याकडे, मुदत तीन वर्षांची आणि खर्च सुमारे तीस कोटी रुपयांचा, अशी ती योजना होती. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला. मुदतबंद कार्यासाठी निर्मिलेल्या संस्थेला कार्यसिद्धी हीच अडचण ठरावी, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा.

परंतु संस्थेजवळ दुसरेही एक काम होते. कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये विकसित झालेले ‘जिस्ट’ हे भारतीय लिप्यांचे तंत्र पुण्यास आले होते. जिस्टचे कार्ड बसविले की केवळ रोमन अक्षरे जाणणाऱ्या संगणकावर मराठी वा तमिळ मजकूर उमटू लागे. यामागील विचार मोठा मार्मिक होता. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांची वर्णव्यवस्था मूलतः एकच असल्यामुळे त्यांना एकच संकेतावली व एकच कळफलक पुरतो. १९९१ मध्ये ‘इस्की’ या नावाने या संकेतावलीस भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. पुढे संगणकाच्या मूळ प्रणालीतच युनिकोड आले आणि कार्डाचे प्रयोजन संपले. संस्था मात्र संपली नाही. उलट, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. नरसिंहन यांनी वाढविलेल्या व १९८५ मध्ये स्वायत्त झालेल्या मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचेही पुढे तिच्यातच विलीनीकरण झाले.

शासकीय आश्रयाने संस्थेला स्थैर्य लाभले, हे खरे; पण त्याच आश्रयाने तिची दृष्टीही आखून दिली. कचेऱ्यांचा व्यवहार ज्या भाषांत चाले, त्यांच्या लिप्यांना ‘इस्की’त स्थान मिळाले. २०११ च्या जनगणनेत सुमारे २९ लाख ८४ हजार लोकांनी मातृभाषा म्हणून नोंदविलेली गोंडी आठव्या अनुसूचीत नाही. तिच्या लिपीला तेथे स्थान नव्हते. तांत्रिक अडचण मोठी होती असे म्हणता येणार नाही. व्यंजनाला स्वरचिन्ह जोडण्याची मसराम लिपीची रीत देवनागरीला परकी नाही.

अखेर तिच्या समावेशाचा प्रस्ताव सिद्ध केला तो अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लिपिविषयक उपक्रमातून अंशुमन पांडे यांनी. युनिकोडच्या दहाव्या आवृत्तीत, २०१७ मध्ये, मसराम गोंडी समाविष्ट झाली. त्या वेळी लिपीच्या निर्मितीस ९९ वर्षे झाली होती. आदिलाबादकडील हस्तलिखितांत आढळलेली गुंजाळा गोंडी तिच्यामागून २०१८ मध्ये आली.